रात्री अकरानंतर मासा मऊ का पडतो? छोट्या सीफूड बारच्या स्वयंपाकघराचं गणित

प्रश्न थोडक्यात असा: वस्तीतलं साधं सीफूड बार, तीसेक खुर्च्या, वेळ संध्याकाळी ६ ते रात्री २. मेनूत २८ पदार्थ, स्वयंपाकघरात दोन माणसं, १० लिटरचा एकच फ्रायर. साडेदहापर्यंत सगळं सुरळीत चालतं. अकरानंतर तळलेला मासा मऊ पडतो, तेल काळं दिसतं, एखादं गिऱ्हाईक ‘वास येतोय’ म्हणून प्लेट परत करतं, आणि बंद करताना रोज तीन-चार किलो माल टाकावा लागतो. पुरवठादार बदलू, की बाराला बंद करू?

दोन्ही करण्याआधी जरा थांबा. सहा वाजता चांगला असलेला मासा अकराला बिघडत असेल, तर बिघाड मधल्या पाच तासांत, तुमच्याच ओट्याजवळ होतोय. पुरवठादार बदलून तो जाणार नाही. मऊ तळण, काळं तेल, वास आणि टाकलेला माल या तुम्हाला चार वेगळ्या तक्रारी वाटताहेत, पण त्यांचं मूळ बहुतेक एकच आहे: आठ तासांची रात्र तुम्ही एकाच तयारीवर काढताय.

तुमचा फ्रीज किती जुना आहे, माल रोज येतो की दिवसाआड, बर्फाचं मशीन आहे की लादी विकत आणता, यावर बरंच अवलंबून आहे. परवान्याचे, आवाजाचे, अन्नसुरक्षेचे नियमही जागोजागी वेगळे असतात. तिथे स्थानिक नियम माझ्या आकड्यांपेक्षा कडक असेल तर तोच पाळा. बाकी माशाचं आणि तेलाचं वागणं सगळीकडे सारखंच असतं.

आधी तापमान. मासळी किती वेगाने उतरते याचा एक ढोबळ हिशेब मत्स्यव्यवसायात वापरतात. सेल्सियसमधल्या तापमानाचा दहावा भाग घ्या, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करा. बर्फातल्यापेक्षा किती पट वेगाने मासा उतरतो, ते हे उत्तर सांगतं. बर्फात, म्हणजे शून्य अंशावर, ते १ येतं. ४ अंशांवर जवळपास २ आणि ८ अंशांवर सव्वातीनच्या आसपास. आता तुमचा ओट्याखालचा फ्रीजचा खण बघा. तो दर दोन मिनिटांनी उघडतोय, शेजारी फ्रायर तापलेला आहे. बाहेरचा आकडा ४ दाखवत असला तरी आतला मासा ८ अंशांवर असणं अगदी नेहमीचं आहे. ८ तास गुणिले सव्वातीन म्हणजे २६ तास. बर्फातल्या माशाचं एक अख्खा दिवस आणि वर दोन तास एवढं आयुष्य एका रात्रीत खर्च झालं. उरलेला तोच मासा तुम्ही रात्री दोनला परत मोठ्या फ्रीजमध्ये ठेवता आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा खणात आणता. त्याला वास येणारच.

खणातला तो ट्रे एकदा रात्री दहाला बाहेर काढून नीट पाहा. तळाशी दोन बोटं दुधाळ पाणी साचलेलं असतं, खालच्या तुकड्या त्यात बुडालेल्या, कडा पांढुरक्या आणि भुसभुशीत. वरच्या तुकड्यांवर चिकट ओलावा. हीच ओली तुकडी पिठात बुडवून तेलात टाकली की पीठ धरत नाही, पाणी तेलात उतरतं आणि कुरकुरीतपणा जातो. म्हणजे मऊ तळणाची सुरुवात फ्रायरच्या आधीच झालेली असते.

उपाय साधा आहे, शिस्त मात्र लागते. खणात एका वेळी फक्त दीड तासाचा माल ठेवायचा, उरलेला मोठ्या फ्रीजमध्ये खोल डब्यात, बर्फात, झाकून. खणात खाली एक खोल ट्रे, त्यावर भोकांचा ट्रे, त्यात बारीक फोडलेला बर्फ आणि बर्फावर उथळ, पातळ स्टीलच्या ट्रेमध्ये तुकड्या, एकाच थरात. वितळलेलं पाणी भोकांतून खाली जायला हवं. कापलेली तुकडी थेट बर्फाला टेकवू नका, वितळणारं पाणी तिची चव आणि रंग धुऊन नेतं. अख्खा मासा मात्र थेट बर्फात चालतो, पोट साफ केलेलं असेल तर पोटातही बर्फ भरावा. बर्फ किती? २५ अंशांवरचा १० किलो मासा शून्यावर आणायला हिशेबाने अडीच किलो बर्फ पुरतो. तरी व्यवहारात माशाइतकाच बर्फ लागतो, कारण उरलेला सगळा बाहेरून आत शिरणारी उष्णता खाऊन टाकण्यात जातो. बर्फ संपला की संरक्षण संपलं, म्हणून रात्री दहाला तो नव्याने भरायचा. हे काम कुणाचं, ते नाव घेऊन ठरवून द्या. नाहीतर दोघांनाही दुसऱ्याने केलंय असं वाटत राहतं.

खण फ्रायरला चिकटून असेल तर शक्य तेवढा लांब हलवा. मागच्या किंवा खालच्या जाळीत पीठ आणि तेलाची चिकट धूळ बसलेली असते, ती महिन्यातून एकदा काढा. निम्मे ‘बिघडलेले’ फ्रीज एवढ्यानेच सुधारतात. आणि सुईचा थर्मामीटर घ्या. सुई दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवून ६, ८, १० आणि १२ वाजता आकडा वहीत लिहायचा. तो ५ च्या वर गेला की घड्याळ सुरू झालं असं समजायचं. एकूण ४ तास भरले की तो माल टाकायचा, परत फ्रीजमध्ये नाही.

आता मेनू. २८ पदार्थ दोन माणसांनी आठ तास करायचे म्हणजे प्रत्येक पदार्थाचा थोडाथोडा कच्चा माल संध्याकाळपासून उघडा पडून राहणार. माझ्या मते रात्री अकरानंतरचं दुकान हे वेगळं दुकान आहे. त्याला सहा-सात पदार्थ पुरतात आणि ते निवडायची कसोटी एकच: त्याचा माल संध्याकाळपासून वाट पाहत बसलेला नसावा. तो एकतर जिवंत असावा, किंवा सुटा गोठवलेला असून वीस मिनिटांत वापरता यावा, किंवा आधी शिजवून गरम ठेवता यावा.

जिवंतात तिसऱ्या आणि तत्सम शिंपले. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण लावून, मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटांत तयार, फ्रायर लागत नाही. ते ओल्या कापडाखाली, फ्रीजमध्ये, हवा लागेल असे ठेवायचे. गोड्या पाण्यात बुडवले किंवा पिशवीत गच्च बांधले की मरतात. शिजवण्याआधी उघडा दिसणारा शिंपला टिचकी मारल्यावर मिटला नाही तर टाका. शिजल्यावर उघडला नाही तर तोही टाका.

गोठवलेल्यात सोललेली सुटी कोळंबी आणि माकूळ (स्क्विड). पिशवीतून लागेल तेवढीच काढायची, चाळणीत गार वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं, मग कापडावर कोरडी. कोळंबी विकत घेताना एकदा वजन करून बघा: गोठवलेली अर्धा किलो घ्या, वितळवा, निथळा आणि पुन्हा तोला. वरचा बर्फाचा थर पाचवा हिस्सा निघाला तर तुमचा प्लेटचा हिशेब तेवढ्याने चुकतोय. हवा काढून बंद केलेल्या पाकिटातले मासे मात्र वितळवण्याआधी पाकीट फाडून घ्या. हवेविना वाढणारा एक घातक जंतू साधारण ३.३ अंशांच्या वरच विष तयार करू शकतो, आणि तुमचा फ्रीज त्याच्या वरच असतो. पाकिटावरही बहुधा हेच लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही.

गरम ठेवण्यात माशाचं सूप. नुसता रस्सा ६३ अंशांच्या वर ठेवा, मासा त्यात घालून ठेवू नका. ऑर्डर आली की छोट्या पातेल्यात एक वाटीभर रस्सा उकळा, दोन सेंटिमीटरचे माशाचे तुकडे सोडा, तीन मिनिटांत वाढा. रात्रभर उकळत राहिलेल्या सुपातला मासा धाग्याधाग्यांचा होतो आणि रस्सा गढूळ. गिऱ्हाईक ‘शिळं’ म्हणतं तेव्हा पुष्कळदा ते शिळं नसतं, जास्त शिजलेलं असतं.

अख्खा मासा भाजणं अकराला बंद. पंधरा-वीस मिनिटं एका माणसाला अडकवतो, धूर करतो आणि रात्री उशिरा तो फारसं कुणी मागतही नाही.

तेलावर मी जरा जास्त थांबतो, कारण तुमची अर्धी तक्रार तिथे आहे. १० लिटर तेल म्हणजे सव्वानऊ किलो. एका वेळी त्याच्या नवव्या-दहाव्या हिश्शाइतका माल टाकायचा, म्हणजे पीठ धरून फार तर एक किलो. अकराच्या सुमारास दोन-तीन टेबलांच्या ऑर्डरी एकदम येतात, घाई होते, दोन किलो पडतात. १८० अंशांवरचं तेल १५० पर्यंत खाली येतं आणि ते परत तापेपर्यंत पीठ तेल पीत राहतं. त्यात तुकडी ओली असेल तर विचारूच नका. दोन सेंटिमीटर जाडीची तुकडी १८० अंशांवर चार-पाच मिनिटं, माकुळाची चकती एक ते दीड मिनिट. माकूळ दोन मिनिटांच्या पुढे गेलं की रबर होतं, मग ते मऊ व्हायला अर्धा-पाऊण तास शिजवावं लागतं, मधलं काही नसतं. तळल्यावर जाळीवर ठेवा. कागदावर रचून ठेवलं की खालचा थर वाफेने भिजतो, बंद डब्यात तर दोन मिनिटांत सगळंच मऊ.

तेल काळं होण्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात: पिठाचा चुरा तळाशी करपत राहतो, तळलेल्यावर मीठ फ्रायरच्या वरच भुरभुरतात, आणि गिऱ्हाईक नसताना तेल १९० वर तासन्‌तास रिकामं तापत ठेवतात. चुरा दर वीस मिनिटांनी बारीक जाळीच्या झाऱ्याने काढा, मीठ लांब ताटात टाका, ऑर्डरी थंडावल्या की तेल १२०-१३० वर आणा. ते परत तापायला काही मिनिटं लागतील, पण गिऱ्हाईक पेय हातात घेऊन बसलेलं असतं, तेवढं थांबतं. रंगावरून मात्र तेल टाकू नका आणि ठेवूही नका. तेलातल्या बिघडलेल्या घटकांचं प्रमाण मोजणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. बऱ्याच देशांत २५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा आहे. पट्टी नसेल तर खुणा अशा: तळताना येणारा फेस शमत नाही, तळायच्या तापमानालाच धूर येतो, तेल बोटांना चिकट लागतं.

जमलं तर १० लिटरच्या एका फ्रायरऐवजी ५-६ लिटरचे दोन घ्या. एक संध्याकाळी, दुसरा दहानंतर ताज्या गाळलेल्या तेलाने. गर्दीत दोन्ही चालू. त्यात आणखी एक फायदा आहे: वेळेऐवजी मालानुसार वाटणी केली तर कोळंबी-खेकडे एका तेलात आणि मासे दुसऱ्या तेलात ठेवता येतात. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाला तुम्ही नुसता मासा दिलात, पण तेल तेच असेल, तर त्याला त्रास होऊ शकतो. एकच फ्रायर असेल तर ऑर्डर घेणाऱ्याने हे स्पष्ट सांगायला हवं.

भिजवलेलं पीठ हा विसरला जाणारा भाग. त्यात रात्रभर कच्च्या माशाचं पाणी पडत असतं आणि ते फ्रायरच्या उष्णतेत बसलेलं असतं. कोरडं मिश्रण एकदाच तोलून ठेवा: दोन भाग मैदा, एक भाग कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाचं पीठ. बर्फगार पाण्यात लिटरभरच भिजवा, भांडं बर्फात ठेवा, तीन तासांनी उरलेलं फेकून नवं करा. गार पीठ गरम तेलात पडलं की कवच चटकन बसतं, आणि चिवट होत नाही. जास्त ढवळू नका, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

आता ते तीन-चार किलो. एका आठवड्यासाठी तीन डबे करा: कच्चा माल, तयार करून न विकलेला माल, आणि प्लेटमधून परत आलेला. रोज बंद करताना तिन्ही तोला. कच्चा जास्त निघाला तर खरेदी चुकतेय, तयार जास्त असेल तर तयारी, परत आलेला जास्त असेल तर शिजवणं किंवा प्लेटचं माप. नुसतं ‘चार किलो जातात’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. खरेदीचा हिशेब खाण्याजोग्या वजनावर करा. अख्ख्या माशातून जातीनुसार ३५ ते ५० टक्के तुकडी निघते. डोक्यासकट कोळंबी सोलून निम्मी उरते. अख्ख्या वजनावर भाव ठरवला की सगळ्यात जास्त खपणारा पदार्थच तोट्यात जातो, आणि गर्दी दिसत असल्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही.

उरलेल्या मालाचा निर्णय रात्री दहाला घ्या, दोनला नाही. दोनला दमलेला माणूस सगळं एका डब्यात ओतून फ्रीजमध्ये ढकलतो. दहाला मोठा फ्रीज उघडून मोजा: न उघडलेला, बर्फात राहिलेला मासा किती? तो उद्यासाठी तारीख घालून ठेवा. आज संपवायचा किती? त्याचा एक पदार्थ फळ्यावर लिहा आणि ऑर्डर घेणाऱ्याला आधी तोच सुचवायला सांगा. नव्या तुकड्या कापणं तिथेच बंद. तुकड्यांच्या कडा आणि शेपट्या दुपारी, ताज्या असतानाच, बारीक करून टिक्क्या थापा आणि गोठवा. अकरानंतरच्या मेनूला त्या फार उपयोगी पडतात. खणात आठ तास काढलेल्या माशाची टिक्की मात्र कधीच करू नका.

त्याचं कारण बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) या जातींत सगळ्यात स्पष्ट दिसतं. हे मासे उबेत राहिले की जंतू त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन तयार करतात. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही, आणि माशाला वास येतोच असंही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर चट्टे उठतात. लोक ॲलर्जी समजतात, पण चूक बर्फाची असते. या जाती अकरानंतरच्या मेनूत ठेवूच नयेत असं माझं मत आहे.

कच्ची कालवंही रात्री उशिरा नकोत. दारूने किंवा लिंबाने त्यांतले जंतू मरतात हा गैरसमज आहे, आणि यकृताचा आजार असलेल्यांना त्यांतला एक जंतू जिवावर बेततो. कालवं शिजवूनच द्या: उकळत्या पाण्यात शिंपला उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटं.

वासाच्या तक्रारीतला काही भाग माशाचा नसून जागेचा असतो. फळ्या आणि ट्रे आधी गार पाण्याने धुवा. आधी गरम पाणी ओतलं की माशाचं प्रथिन तिथेच शिजून चिकटतं आणि वास कायमचा बसतो. गार पाणी, मग साबणाचं गरम पाणी, मग जंतुनाशक, हा क्रम. क्लोरीनचं पाणी आणि आम्लाचं क्लीनर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. डोकी, कल्ले, कोठा आणि टरफलं पिशवीत बांधून थेट डीप फ्रीझरच्या वेगळ्या कप्प्यात टाका आणि कचरागाडी यायच्या वेळीच बाहेर काढा. शेजाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी यानेच बंद होतात. उरलेल्या निम्म्या एक्झॉस्टच्या पंख्याच्या आवाजाच्या असतात.

बाराला बंद करायचं का, हे त्या आठवड्याच्या वहीवरून ठरवा. बारानंतरच्या ऑर्डरी वेगळ्या लिहा, त्यातून खाण्याजोग्या मालाची किंमत, दोघांची मजुरी, गॅस आणि तेल वजा करा. आकडा उणा आला तरी सगळं बंद करायची गरज नाही. साडेबाराला शेवटची तळणाची ऑर्डर घ्या, बार दोनपर्यंत चालू द्या, आणि मधल्या दीड तासात सूप आणि वाफवलेल्या तिसऱ्या एवढंच ठेवा. ते एका माणसाला जमतं. दुसऱ्याला तोवर ओटा आणि फळ्या धुता येतात, आणि फ्रायरचं तेल हाताने गाळण्याइतकं निवायलाही तेवढा वेळ लागतोच.